भाऊंची उलटी जाहिरात

अहो, ऐकलंत का? हळू बोलते, कारण भिंतीला कान असोत नसोत, आमच्या लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. मोशीकडच्या एका सोसायटीबाहेर मध्यंतरी खड्ड्याचा पहिला वाढदिवस झाला. चेष्टा नाही. केक आला, त्यावर एक मेणबत्ती, खड्ड्याच्या कडेने रांगोळी, मागे फ्लेक्स. फ्लेक्सवर खड्ड्याचा क्लोजअप, त्याला वरून गॉगल चिकटवलेला आणि खाली पदवी : 'भावी तलाव'. शुभेच्छुक कोण, तर 'मोडका शॉकॲब्सॉर्बर', 'मणक्याचे डॉक्टर' आणि 'टँकर मित्र मंडळ'. केक कापला, टाळ्या झाल्या. हे सगळं पन्नास सेकंदांत बसवलं, स्लो मोशन केलं आणि मागे तेच ढणढणाटी संगीत लावलं जे आमच्या भाऊंच्या प्रत्येक रीलला असतं. शेवटी पाटी : 'सौजन्य – आपले लाडके भाऊ.'

रात्री नऊला ग्रुपवर सोडलं. दहाच्या आत चिखलीपर्यंत पोचलं. सकाळी भाऊंच्या माणसाचा सोसायटीच्या चेअरमनना फोन : "काका, हे शोभतं का तुम्हाला?"

आता तुम्हीच सांगा, शोभतं का? ज्या वयात माणसाने हरिपाठाला बसावं, एकादशीला देहूची वाट धरावी, त्या वयात टेल्कोतून रिटायर झालेले गृहस्थ कॉलरला माइक लावून 'ॲक्शन' म्हणतायत. ज्या वहिनींनी संक्रांतीला वाण काय लुटायचं याची काळजी करावी, त्या जिंगलची चाल बांधतायत. घोर कलियुग! आणि साथ अशी पसरलीय की प्राधिकरणापासून चऱ्होलीपर्यंत आणि वाकडपासून थेट चाकणपर्यंत, ज्याच्या हातात मोबाईल आणि डोक्यात संताप, तो जाहिरात कंपनी झालाय. तक्रार नव्हे हो, चक्क जाहिरात! संकल्पना, पटकथा, पार्श्वसंगीत, शेवटी घोषवाक्य, सगळं शास्त्रोक्त. फक्त माल दाखवून झाला की गिऱ्हाइकाला सांगायचं, हा घेऊ नका.

पण खरं पाप भाऊंच्याच माथी आहे. भाऊ म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. प्रत्येक प्रभागात एक भाऊ असतो, एक दादा, एक अण्णा आणि अलीकडे एक ताई. या मंडळींनीच पंधरा-वीस वर्षं पिंपरी-चिंचवड शहराला शिकवणी दिली. वाढदिवस आला की चौक झाकायचा. डांबर पडलं की ड्रोन उडवायचा. नारळ फोडताना एक कॅमेरा समोरून, एक बाजूने. गाडीतून उतरताना पाय आधी दिसला पाहिजे, मग पांढरा शर्ट, मग गॉगल. कार्यसम्राट, विकासपुरुष, जनतेच्या मनातला, सगळी बिरुदं लोकांना पाठ झाली. मग लोकांनी केलं काय, तर तोच साचा उचलला आणि त्यात खड्डा ओतला.

तसं जाहीर बोलायची खोड या गावाला जुनीच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पिंपळे सौदागरची माणसं सकाळी उठून बघतात तर खांबाखांबावर 'शिवडे, आय ॲम सॉरी'. तीनशेच्या आसपास फलक! रुसलेल्या मैत्रिणीची समजूत काढायला कुणी चिठ्ठी पाठवतं, कुणी गुलाब. आमच्याकडे प्रेमवीर फ्लेक्सवाल्याकडे गेला. महापालिका आणि पोलिस दोघांनाही त्या प्रेमप्रकरणात लक्ष घालावं लागलं. जिथे घरातलं भांडण चौकात लागतं, तिथे चौकातलं भांडण घराघरातल्या मोबाईलवर लागलं तर नवल ते काय?

बरं, हे लोक करतात कसं, तेही बघून आले मी. (बघायलाच गेले होते. केकसाठी नाही.) पडद्यामागची सूत्रं टेल्कोवाल्या काकांकडे. काकांची उभी हयात क्वालिटी सर्कल आणि कायझेनमध्ये गेलेली, त्यामुळे खड्ड्याचंही त्यांनी 'व्हाय-व्हाय ॲनॅलिसिस' केलं. खड्डा का पडला? पाणी साचतं म्हणून. पाणी का साचतं? चेंबर वर राहिलं म्हणून. चेंबर वर का राहिलं? रस्ता एकाने केला, ड्रेनेज दुसऱ्याने. असं का? पाचव्या 'का'पाशी ठेकेदाराचं आडनाव आलं आणि सगळे एकदम गप्प झाले, कारण ते आडनाव प्रभागातल्या निम्म्या दुकानांवर आहे. "हा पाचवा व्हाय कट करू," काका म्हणाले. सेन्सॉर बोर्ड उगाच लांब मुंबईत आहे असं आपण समजतो!

संवाद लिहिले वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी. त्या पूर्वी शाळेत मराठी शिकवायच्या, त्यामुळे भाऊंच्या टीकेतसुद्धा ऱ्हस्व-दीर्घाला सूट नाही. पहिला टेक टँकरच्या हॉर्नने गेला. दुसऱ्यात मेणबत्ती विझली. तिसऱ्यात शेजारच्या गल्लीतली म्हैस फ्रेममध्ये आली आणि खड्ड्यातलं पाणी प्यायला लागली. काकांनी घाईघाईने तिला हाकलायला काठी उचलली, तर कॅमेऱ्यावरचा मुलगा ओरडला, "काका, राहू द्या, राहू द्या, हीच खरी लाभार्थी!" त्या म्हशीला त्या व्हिडिओत सगळ्यात जास्त लाइक मिळाले. भाऊंच्या नुसत्या चालण्याच्या रीलला नसतील इतके.

विषयांना तोटा नाही. २५ नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी आहे. आली तेव्हा ही सोय तात्पुरती होती. त्यावर एका सोसायटीने लग्नपत्रिका केली : 'आमचे येथे पवनामाईच्या कृपेने चि. नळ आणि चि. सौ. कां. पाणी यांची भेट एक दिवसाआड होणार आहे, तरी हंडे-कळशांसह उपस्थित राहावे.' आहेर स्वीकारले जाणार नाहीत, टँकर स्वीकारले जातील. इंद्रायणीवर फेस आला की कुणीतरी शाम्पूची जाहिरात करतं. ती मात्र मला बघवली नाही. आळंदीच्या घाटावर फेसातून वारकरी आचमन करतायत आणि मागून जिंगल वाजतेय. हसू आलं आणि हसल्याची लाज वाटली. तिथे चेष्टेची हद्द संपते असं माझं मत. वहिनींचं मत वेगळं. त्या म्हणाल्या, रडून दाखवलं तेव्हा कोणी पाहिलं होतं?

चाकणची तऱ्हा तर आणखी न्यारी. तिथे स्टुडिओ म्हणजे कंपनीची बस. फर्स्ट शिफ्टची पोरं पहाटे निगडीहून, भोसरीहून निघतात आणि पुणे-नाशिक हायवेवर कुठेतरी बस थांबते ती थांबतेच. मग करायचं काय? पूर्वी झोपायचे, आता जाहिराती करतात. पर्यटनाची जाहिरात पाहिली मी एक : 'या, तळेगाव चौकात या. आंबेठाण चौकाचा निवांतपणा अनुभवा. सूर्योदय इथे, सूर्यास्तही इथेच.' मागे ट्रेलरवर चढवलेल्या नव्याकोऱ्या गाड्यांची रांग. फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा, बजाज, साऱ्या जगाला पळवणाऱ्या कंपन्या याच पट्ट्यात, आणि त्यांच्या गाड्या पहिल्यांदा उभ्या राहायला शिकतात त्याही इथेच. शेवटी आमदार-खासदार-पालकमंत्री अशी सगळ्यांची नावं श्रेयनामावलीत, सिनेमासारखी वर सरकत जाणारी. जाहिरात करणाऱ्या पोराला मी विचारलं, सुपरवायझर बघेल त्याची भीती नाही वाटत? म्हणाला, "सुपरवायझरच दिग्दर्शक आहेत."

खाली कॉमेंट वाचाव्यात. व्हिडिओपेक्षा त्या खमंग. पहिली कॉमेंट हमखास : 'तू कुठला रे?' इथे हा प्रश्न साधा नाही. या शहराला मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण, सगळीकडून माणसं आली. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली, मागोमाग टेल्को, बजाज, आणि कारखान्यांमागे माणसं. जमीन मात्र गाववाल्यांची आणि मतपेटी गावकी-भावकीची. त्यामुळे लातूरच्या पोराने खड्डा दाखवला की उत्तर मिळतं, 'मग तुझ्या गावाला जाऊन काढ व्हिडिओ.' आणि गाववाल्या पोराने दाखवला तर आणखी पंचाईत. भाऊ त्याच्या चुलत्याचे साडू निघतात, आणि यंदाच्या जत्रेत त्याला मानाच्या पंगतीतून उठवतात की काय अशी धाकधूक. म्हणून गावकीतले कलावंत तोंड दाखवत नाहीत. नुसता हात, नुसता रस्ता आणि एआयचा उसना आवाज. त्या यंत्राला 'ळ' येत नाही, त्यामुळे 'काळेवाडी'ची 'कालेवाडी' होते आणि दुसऱ्याच दिवशी भाऊंचे समर्थक म्हणतात, बघा, ज्याला गावाचं नाव नीट घेता येत नाही तो टीका करतोय.

विरोध करायचा तरी कोणाला, हाही घोळच आहे. २०१७ ला बत्तीस प्रभाग आणि प्रत्येकात चार नगरसेवक, एकूण १२८. रस्ता कोणाचा विचारलं तर अ गट म्हणतो ब चा, ब म्हणतो क चा, आणि ड आजारी. मग २०२२ च्या मार्चमध्ये सगळ्यांचीच मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढचं मतदान थेट २०२६ च्या जानेवारीत. मधली जवळजवळ चार वर्षं शहरात अधिकृतपणे एकही नगरसेवक नव्हता, पण फ्लेक्स कमी झाले का हो? उलट वाढले. आजी नव्हते, तर माजी आणि भावी. एकाने तर नुसतं 'नगरसेवक' लिहून आधीची जागा मोकळी सोडली होती, ज्याने त्याने भरून घ्यावी. या काळात जाहिराती करणाऱ्यांनी चौघांनाही एकाच व्हिडिओत घ्यायची पद्धत पाडली. संगीत खुर्चीचा खेळ, चार भाऊ, खुर्ची एक, आणि गाणं थांबलं की चौघेही खड्ड्यात.

आमच्या सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं नव्हतं. का नव्हतं? निनावी पत्रक काय होतं? मतदानाच्या आदल्या रात्री दाराखालून सरकवलेलं, सायक्लोस्टाईल केलेलं, निळसर, बोटाला डाग पाडणारं. त्यात उमेदवाराच्या दुसऱ्या घरापासून तिसऱ्या पेट्रोलपंपापर्यंत सगळा हिशेब आणि खाली सही : 'आपला, एक जागरूक मतदार.' त्याच्याही आधी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या कलापथकांनी आणि आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'ने मोठमोठ्यांची जी सालं काढली, त्यापुढे आमच्या वहिनी म्हणजे अगदीच सोवळ्यातल्या. २०१४ च्या विधानसभेला तर भाजपनेच विचारलं, 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?' आठवडाभरात ते वाक्य त्यांच्या हातातून सुटलं. नवरा चष्मा शोधताना म्हणायला लागला, कुठे नेऊन ठेवलाय चष्मा माझा. लाखो रुपये खर्चून केलेली ओळ जनतेने फुकटात पळवली, आणि मला वाटतं हात साफ करायची चटक तिथूनच लागली.

२०१७ च्या जुलैत रेडिओवाल्या मलिष्काने 'सोनू' गाण्याच्या चालीवर मुंबई महापालिकेवर भरवसा आहे का असं विचारलं. शिवसेनेच्या नगरसेवकांनी पाचशे कोटींच्या अब्रूनुकसानीची भाषा केली आणि पालिकेच्या माणसांना तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्या. एरवी अळ्या शोधायला पालिका दाराशी येत नाही म्हणून लोक ओरडतात. इथे एक गाणं म्हटलं तर घरपोच सेवा! ते बघून गल्लोगल्ली 'सोनू'च्या चालीवर खड्डे, कचरा, दिवे यांची गाणी निघाली. मलिष्काने चाल दाखवली आणि पालिकेने दाखवून दिलं की चाल लागू पडते.

मग २०१९ ची लोकसभा. राज ठाकरे. स्वतःच्या पक्षाचा एकही उमेदवार उभा नाही आणि सभांना तोबा गर्दी. भाषणाच्या मधेच मागे वळून 'लाव रे तो व्हिडिओ', की पडद्यावर आधीचं आश्वासन, मग आत्ताची अवस्था. सोलापूरच्या सभेत तर मेळघाटातल्या हरिसाल या डिजिटल गावाच्या सरकारी जाहिरातीत झळकलेला तरुणच त्यांनी व्यासपीठावर उभा केला. जाहिरातीतला लाभार्थी जाहिरातीच्या विरोधात साक्षीला! आमच्या काकांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि म्हणे त्या रात्री त्यांना झोप आली नाही. भाजपच्या आशिष शेलारांनी 'बघाच तो व्हिडिओ' म्हणत आपलाही पडदा लावला. पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा पडदे जास्त बोलायला लागले. निकाल काय? महाराष्ट्रात अठ्ठेचाळीसपैकी एक्केचाळीस जागा भाजप-शिवसेना युतीला. गर्दी एकीकडे, मतं दुसरीकडे.

इथेच खरी गोम आहे, आणि आमचे जाहिरातवाले ती कबूल करत नाहीत. त्याच २०१९ च्या मार्चमध्ये चिंचवडच्या सभेत मावळचे उमेदवार पार्थ पवार यांचं पहिलं भाषण अडखळलं. संध्याकाळपर्यंत त्या दोन-तीन मिनिटांचे इतके तुकडे झाले, इतक्या तऱ्हेची संगीतं लागली, की मूळ भाषण कोणाला सापडेना. निवडणूक ते दोन लाख पंधरा हजारांनी हरले. झालं, आमच्या ग्रुपवर तेव्हापासून एक गृहस्थ छाती फुगवून फिरतात, कारण त्यातला एक मीम त्यांच्या मुलाचा. अहो, पण मावळ मतदारसंघ झाल्यापासून २००९ ला शिवसेना, २०१४ ला शिवसेनेचे श्रीरंग बारणे, आणि २०१९ ला तेच पुन्हा. मुलाच्या मीमने किती मतं फिरवली ते त्या मुलालाही ठाऊक नसेल. मला विचाराल तर व्हिडिओने खड्डा बुजतो, माणूस पडत नाही. खड्ड्याच्या वाढदिवसानंतर तिसऱ्या दिवशी रात्री अकराला डंपर आला, खडी पडली, रोलर फिरला. आणि पहाटे भाऊंचं रील आलं : 'दिलेला शब्द पाळला.' स्लो मोशन, तेच संगीत, आणि पार्श्वभूमीला तीच म्हैस!

काका दोन दिवस जेवले नाहीत म्हणे.

बरं, कायदा काय म्हणतो? सोसायटीत एक वकील काकू आहेत, त्यांनी सगळ्यांना धडकी भरवली. लोकसभा-विधानसभेच्या वेळी पत्रक छापलं तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ लागतं. छापणाऱ्याचं, प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. निवडणूक आयोगाने २०१३ पासून समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिरातींनाही आधी समितीचं प्रमाणपत्र घ्यायला लावलं. पण स्वतःच्या खात्यावर स्वतः टाकलेला व्हिडिओ त्यात धरत नाहीत. म्हणजे वहिनींनी टाकला तर मत, आणि दोनशे रुपये भरून 'बूस्ट'चं बटण दाबलं की जाहिरात. मग फेसबुक ओळखपत्र मागणार आणि खाली पैसे कोणी भरले ते छापणार. वहिनींनी बटणावरून बोट उचललं ते उचललं.

सगळ्यात मौज दहा रुपयांची. उमेदवाराला निवडून आणण्यासाठी त्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणी खर्च केला तर तो गुन्हा. दहा रुपयांपर्यंत चालतं, पण तेही दहा दिवसांत उमेदवाराची लेखी संमती आणली तर. जुन्या दंड संहितेत याला पाचशेपर्यंत दंड होता. २०२४ च्या जुलैत न्याय संहिता आली, कलम १७६ झालं, दंड दहा हजारांपर्यंत चढला, दहा रुपये मात्र दहाच राहिले. दहा रुपयांत आता वडापावसुद्धा येत नाही, आणि आमचा तर केक होता! पण काकू म्हणाल्या, घाबरू नका, कायदा निवडून आणण्याच्या खर्चाबद्दल बोलतो. आपला केक पाडण्यासाठी होता. त्यावर बराच वेळ शांतता पसरली आणि मग कोणीतरी म्हणालं, पण चारातला एक पडला तर दुसरा निवडून येणार ना? तो अजून फोन कसा करत नाही?

केला होता. हेच तर खरं लफडं! वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी अण्णांचा निरोप आला की फार छान काम करता, पुढच्या वेळी कॅमेरा आपण देऊ, जेवणाचंही बघू. काकांनी नाही म्हटलं. पण सगळेच काका नसतात. दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या प्रभागांतल्या 'त्रस्त नागरिकां'चे व्हिडिओ आले आणि तिन्हींत आवाज तोच, टाईप तोच, एवढंच काय 'त्रस्त' या शब्दातली चूकही तीच, 'ञस्त'. सामान्य जनतेचा उद्रेक एकाच दुकानात एडिट झालेला. दर काय ते मला विचारू नका. मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही.

आणि हे काही मोशी-चिखलीतच होतं असं समजू नका. अमेरिकेत २००३ च्या अखेरीला 'मूव्हऑन' नावाच्या संघटनेने लोकांना सांगितलं, तीस सेकंदांत बुश यांच्याबद्दल जाहिरात करून पाठवा. हजारावर आल्या. पहिली आली तिच्यात लहान मुलं भांडी विसळतायत, कारखान्यात राबतायत, आणि शेवटी प्रश्न की राष्ट्राध्यक्षांनी करून ठेवलेलं कर्ज फेडणार कोण? यूट्यूब तेव्हा जन्मायचं होतं, म्हणून पैसे भरून टीव्हीवर लावायला गेले, तर सीबीएसने सुपर बोलच्या सामन्यात दाखवायला नकार दिला. त्या बिचाऱ्यांकडे सोसायटीचा ग्रुप नव्हता. पुढे २००७ ला हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध एक निनावी व्हिडिओ गाजला, ॲपलच्या जुन्या '१९८४' जाहिरातीवर बेतलेला. सगळे म्हणाले, वा, काय हा सामान्य मतदार! नंतर उघड झालं की करणारा ज्या कंपनीत नोकरीला, ती ओबामांच्या प्रचाराचं काम करत होती. त्याला तिथून बाहेर पडावं लागलं. 'ञस्त नागरिक' तिकडेही असतात, फक्त ते शुद्धलेखन तपासून घेतात.

चेष्टा एकीकडे, पण भीतीही आहे हो. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या '६६अ'चा तेव्हा धाक होता ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ ला रद्द केलं. तरी २०२३ च्या एप्रिलमध्ये 'पन्नास खोक्यां'वर रॅप केलं म्हणून राज मुंगासे या रॅपरला पोलिसांनी उचललं. त्यामुळे आमच्याकडे पोरगं व्हिडिओ टाकतं आणि आई लगेच विचारते, नाव घेतलंस का? 'भाऊ' म्हणालो फक्त. मग ठीक आहे. भाऊ ही या शहरात इतकी मोठी जमात आहे की अब्रूनुकसानीचा दावा लावायला आधी त्यांनाच एकमेकांशी भांडावं लागेल.

आणि सगळ्यांवर कडी सांगू का? २०२५ च्या पावसाळ्यात हिंजवडीतल्या आयटीवाल्यांनी तुंबलेल्या रस्त्यांचे इतके व्हिडिओ सोडले की जुलैत तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि पालकमंत्री अजित पवार भल्या पहाटे तिथे पाहणीला आले आणि ऑगस्टमध्ये तशाच पहाटे चाकणला. हिंजवडीत सरपंचांना सुनावता सुनावता, वाटोळं झालंय, अख्खं आयटी पार्क बंगळुरू-हैदराबादला चाललंय, असं ते बोलून गेले आणि कॅमेऱ्यात सापडले. आमच्या काकांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. एवढी मेहनत करून, म्हैस आणून, केक कापून जे जमलं नाही ते सरकारने स्वतःच, एका टेकमध्ये, विनाखर्च करून दाखवलं!

सध्या पुढच्या जाहिरातीची तयारी चालू आहे. विषय अर्धवट उड्डाणपूल. शॉट वरून हवा, पण देहूरोडचा दारूगोळ्याचा डेपो जवळ, ड्रोनचं नाव काढलं तर भाऊंच्या आधी लष्कर येईल. मग उंच गच्ची शोधायची ठरली. परिसरातली सगळ्यात उंच गच्ची भाऊंच्या मेव्हण्याच्या इमारतीची, आणि किल्ली मेव्हण्याच्या खिशात. कोण जाणार मागायला, यावर तासभर बैठक झाली, चहा दोनदा झाला, काकांनी कागदावर पाच वेळा 'का' लिहून पाहिलं. शेवटी वहिनी उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मी आणते. सांगते, भाऊंच्या वाढदिवसाचं शूटिंग आहे. गच्चीवर सोफा आणि मांडवही तेच घालून देतील."